तेच गाणं, दुसऱ्यांदा: रँडी ट्रॅव्हिसच्या पहिल्या अल्बमचं प्रकरण

जुलै १९८५ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीच्या, अमेरिकी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या कचेरीने एका नव्या गायकाचं गाणं बाजारात आणलं. नाव होतं 'ऑन दि अदर हँड'. 'बिलबोर्ड' या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या कंट्री यादीत तेव्हा शंभर जागा असत. गाणं ६७व्या जागेपर्यंत चढलं आणि तिथूनच परत फिरलं. एप्रिल १९८६ मध्ये कंपनीने तेच गाणं, त्याच रेकॉर्डिंगसकट पुन्हा काढलं. जुलै सरायच्या आत ते पहिल्या क्रमांकावर होतं. दरम्यान जूनमध्ये त्या गायकाचा पहिला अल्बम आला, 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ'. वर्षभरात त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. कंट्रीतल्या एखाद्या नवख्याच्या पहिल्या अल्बमने वर्षाच्या आत एवढी मजल मारल्याचं हे पहिलंच उदाहरण.

गायक रँडी ट्रॅव्हिस. त्याच्या यशाची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे आवाजच असा होता की तो थांबणं शक्य नव्हतं. दुसरी म्हणजे लोकांना जुनं, अस्सल कंट्री परत हवं होतं आणि हा नेमका त्याच वेळी आला. दोन्ही ऐकायला बऱ्या वाटतात. पण आवाजही तोच, गाणंही तेच, मग पहिल्यांदा ६७वर का अडकलं, याचं उत्तर दोन्हींत सापडत नाही. संगीताच्या धंद्यात 'काय चालतं आणि का' या प्रश्नावर उलटसुलट बोलायला भरपूर वाव असतो, कारण तीच गोष्ट दोनदा करून पाहायची संधी सहसा कुणाला मिळत नाही. इथे ती मिळाली. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

तेव्हाचं नॅशव्हिल

आपल्याकडे कंट्री म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जॉन डेन्व्हर येतो. खुद्द नॅशव्हिलला मात्र तो आपला वाटत नव्हता. १९७५ च्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात वर्षाचा सर्वोत्तम कलाकार जाहीर करायला गायक चार्ली रिच मंचावर आला, पाकिटातलं डेन्व्हरचं नाव पाहिलं आणि खिशातला लायटर काढून सर्वांदेखत ती चिठ्ठी पेटवली. त्याने ते कशासाठी केलं यावर आजही वाद आहेत. पण 'कंट्री कोणाचं' हे भांडण किती हातघाईवर आलं होतं, ते त्यावरून कळतं.

पुढे १९८० साली जॉन ट्रॅव्होल्टाचा 'अर्बन काउबॉय' हा सिनेमा आला आणि शहरी अमेरिकेत काउबॉय टोप्यांची लाट उसळली. कंट्रीचा खप वाढला. कंपन्यांनी गाण्यांतून फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन, काढून व्हायोलिनांचे ताफे बसवले. लाट ओसरली तसा खपही ओसरला. १७ सप्टेंबर १९८५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर रॉबर्ट पामर यांचा लेख छापला. नॅशव्हिलच्या संगीताला उतरती कळा लागली आहे, असा त्याचा आशय होता. म्युझिक रोवर, म्हणजे नॅशव्हिलमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या वस्तीत, हा लेख लोकांना चांगलाच झोंबला. 'ऑन दि अदर हँड'चा पहिला प्रवास झाला तो याच उन्हाळ्यात.

स्वयंपाकघरातला गायक

रँडी ब्रूस ट्रेविक हे त्याचं मूळ नाव. जन्म १९५९, नॉर्थ कॅरोलायनातलं मार्शव्हिल. सहा भावंडं, वडिलांना कंट्रीचं वेड, लहानपणीच भावाबरोबर जोडीने गाणं. किशोरवयात दारू, नशा, पोलिसांचा ससेमिरा. शार्लट शहरातल्या 'कंट्री सिटी यूएसए' या क्लबमधली गाण्याची स्पर्धा त्याने जिंकली. क्लब चालवणाऱ्या लिब हॅचर यांनी त्याला गायक आणि स्वयंपाकी म्हणून ठेवून घेतलं. पुढे कोर्टाने तुरुंगाऐवजी त्याला त्यांच्याच देखरेखीखाली सोपवलं.

हॅचर बाईंचा यातला वाटा फार मोठा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या त्याला घेऊन नॅशव्हिलला आल्या आणि 'नॅशव्हिल पॅलेस' या ठिकाणी मॅनेजर म्हणून लागल्या. हे ठिकाण ऑप्रीलँडच्या समोरच, त्यामुळे तिथल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्रीच्या नामांकित रेडिओ-कार्यक्रमात गाऊन झालं की कलाकार मंडळी तिथे जेवायला टेकत. आत त्यांचा शागीर्द मासे तळत होता, भांडी घासत होता, आणि पाळी आली की एप्रन काढून मंचावर जात होता. तिथे तो 'रँडी रे' या नावाने गात असे. त्या नावाने पॅलेसमधल्या कार्यक्रमाचा एक अल्बमही निघाला होता, आणि त्याआधी १९७८-७९ मध्ये पॉला रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीकडून मूळ आडनावानिशी एक गाणं यादीत जेमतेम ९१व्या जागेवर पोचलं होतं. तेव्हा 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ'ला पहिला अल्बम म्हणायचं ते मोठ्या कंपनीच्या हिशेबाने. माणूस दहा वर्षं गातच होता.

नॅशव्हिलमधल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांनी त्याला नकार दिला, काहींनी दोनदा. कारण एकच: फारच कंट्री आहे. कंट्री संगीत विकणाऱ्या कंपन्यांनी हे कारण द्यावं याची आज गंमत वाटते. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते निव्वळ मूर्खपणाचं नव्हतं. पाच वर्षं मऊ, पॉपकडे झुकलेल्या गाण्यांवरच धंदा चालला होता. समोरचा पोरगा मर्ल हॅगर्ड आणि जॉर्ज जोन्स या जुन्या वळणाच्या गायकांच्या शाळेतला. ओळीच्या शेवटी आवाज खर्जात सोडायचा आणि तिथे क्षणभर रेंगाळायचं, ही त्याची ढब. हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं वाटत होतं.

होकार आला तो वॉर्नरच्या मार्था शार्प यांच्याकडून. शार्प स्वतः गीतकार. १९६६ मध्ये सँडी पोझी या गायिकेने गाजवलेलं 'बॉर्न अ वुमन' त्यांचंच. नव्या गायकांची निवड करणाऱ्या खुर्चीवर अशी व्यक्ती असणं मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं. विक्री विभागातून वर आलेला माणूस आवाज ऐकताना मागच्या सहा महिन्यांची यादी डोक्यात ठेवून ऐकतो. ज्याने गाणी लिहिली आहेत तो ऐकतो की या गळ्यात शब्द नीट बसतात का. नाव बदलून 'रँडी ट्रॅव्हिस' झालं तेही वॉर्नरमध्येच.

पहिला डाव

'ऑन दि अदर हँड' लिहिलं पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांनी. श्लिट्झ म्हणजे केनी रॉजर्सच्या 'द गॅम्बलर'चे गीतकार. गाण्यातला नवरा परस्त्रीच्या मोहात पडला आहे. तिच्याजवळ जावं यासाठी एका हातावर कारणं मोजतो आहे, आणि दुसऱ्या हाताच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. एवढंच गाणं. संथ चाल, मोजकी वाद्यं, आरडाओरडा नाही. सगळा भार गाणाऱ्यावर. तो खरंच त्या कात्रीत सापडला आहे असं वाटलं तर गाणं चढतं, नाही तर शब्दांची चलाखी म्हणून विसरलं जातं.

आता रेडिओचं गणित बघू. तेव्हा बिलबोर्डची यादी स्टेशनं आणि दुकानं जे कळवत त्यावरून बनायची. प्रत्यक्ष वाजलेल्या गाण्यांची यंत्राने मोजणी कंट्रीत १९९० साली आली. एखाद्या स्टेशनचा प्रोग्राम डायरेक्टर आठवड्याला दोनचार नवी गाणी घेत असे. कंपनीची माणसं फोन करून मागे लागत. त्याच्या टेबलावर एक संथ गाणं, कधी नाव न ऐकलेला गायक. गाणं आवडलं तरी भीती हीच की गाडी चालवणारा माणूस पहिल्या ओळीतच बटण फिरवेल. काहींनी वाजवलं, बऱ्याच जणांनी नाही. ६७.

इथे एक शंका काढून टाकली पाहिजे. वातावरणच पारंपरिक कंट्रीच्या विरोधात होतं आणि पुढच्या वर्षी ते पालटलं, असं अनेक जण लिहितात. १९८६ हे वर्ष तसं भारलेलं होतंच. ड्वाइट योकम आणि स्टीव्ह अर्ल यांचेही पहिले अल्बम त्याच वर्षी आले. पण १९८५ च्या शरदात कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षाचा सर्वोत्तम कलाकार म्हणून निवडलं रिकी स्कॅग्जला, आणि सर्वोत्तम गायक म्हणून जॉर्ज स्ट्रेटला. एक ब्लूग्रास या जुन्या लोकसंगीताच्या प्रकारातून आलेला, दुसरा टेक्ससच्या फिडल-नाचांतून. दोघेही जुन्या वळणाचे. म्हणजे ट्रॅव्हिसचं गाणं यादीतून घसरून फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात त्याच्याच जातकुळीची माणसं बक्षिसं घेत होती. दार बंद नव्हतं. या नव्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं, एवढंच.

आणि गाण्याच्या ताकदीचं म्हणाल तर त्यालाही एक चोख पुरावा आहे. हेच गाणं कीथ व्हिटली यानेही रेकॉर्ड केलं होतं. त्याच्या १९८५ च्या 'एल.ए. टू मायामी' अल्बममध्ये ते आहे. व्हिटलीचा गळा ट्रॅव्हिसपेक्षा कमी नव्हता. माझ्या मते काही बाबतींत सरसच. व्हिटलीच्या आरसीए या कंपनीने ते सिंगल म्हणून, म्हणजे रेडिओसाठीचं सुटं गाणं म्हणून, पुढे आणायच्या आत ट्रॅव्हिसचं गाजलं. त्याच अल्बममधलं आणखी एक गाणं जॉर्ज स्ट्रेटने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. एकाच तबकडीवरची दोन गाणी दोन वेगळ्या माणसांनी शिखरावर नेली, आणि ज्याची ती तबकडी तो मागेच राहिला. चांगलं गाणं आपली वाट आपणच काढतं, असं म्हणणाऱ्याने व्हिटलीचा तो अल्बम डोळ्यांपुढे ठेवावा.

मधलं गाणं

डिसेंबर १९८५ मध्ये वॉर्नरने दुसरं सिंगल काढलं. नावच '१९८२'. मुळात त्यात १९६२ साल होतं. पण सव्वीस वर्षांच्या गायकाने १९६२ सालच्या प्रेमासाठी हळहळायचं म्हणजे तो तेव्हा तीन वर्षांचा, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि साल वीस वर्षांनी पुढे आणलं. लहानशी दुरुस्ती, पण तिच्यामुळे गाणं गायकाच्या अंगाला बसलं.

गाण्याची कल्पना गोड आहे. माणूस टेलिफोन ऑपरेटरला विनवतो, की मला १९८२ जोडून दे, तिथे मला कुणाची तरी माफी मागायची आहे. पहिल्या कडव्यातच गोष्ट कळते, ऐकणारा हसतो आणि मग जरा हळवा होतो. गायक कोण हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. 'ऑन दि अदर हँड'ला ती सोय नव्हती. तिथे आधी गाणाऱ्यावर भरवसा बसायला हवा. '१९८२' सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि गाडीतल्या माणसाला तो खर्ज ओळखीचा झाला.

आता कंपनीपुढे प्रश्न होता की पुढचं सिंगल कुठलं. अल्बम जवळपास तयार होता, त्यात 'डिगिंग अप बोन्स' होतं, जे पुढे पहिल्या क्रमांकावर गेलं. रीतीप्रमाणे त्यातलंच एखादं काढायचं. पडलेलं सिंगल या धंद्यात मेलेलं समजतात. ज्या प्रोग्राम डायरेक्टरने नऊ महिन्यांपूर्वी नाही म्हटलं, त्याच्याच दारात तीच तबकडी घेऊन जाणं म्हणजे 'तुझं चुकलं होतं' असं तोंडावर सांगण्यासारखं. वॉर्नरच्या माणसांनी ते केलं. या प्रकरणातला खरा निर्णय हा आहे, आणि त्यामागे हिशेब होता असं मला वाटतं. '१९८२' वाजवलेल्या स्टेशनांना आता हे गाणं 'नव्या माणसाचं संथ गाणं' म्हणून द्यायचं नव्हतं, तर 'त्या ऑपरेटरवाल्याचं पुढचं गाणं' म्हणून. बहुतेक श्रोत्यांनी ते पहिल्या खेपेला ऐकलंच नव्हतं. म्हणजे शिळं झालं असेल तर फक्त धंद्यातल्या लोकांसाठी.

हे आपण सहज विसरतो. कंपनीतला माणूस एक गाणं दोनशे वेळा ऐकतो आणि जगही ते ऐकून कंटाळलं असेल असं धरून चालतो. जगाने अजून एकदाही ऐकलेलं नसतं.

अल्बम जूनमध्ये आला तोही विचारपूर्वक. गाणं यादीत चढत असताना दुकानात अल्बम हजर. जुलैत गाणं शिखरावर पोचलं तेव्हा रेडिओवर ऐकून दुकानात येणाऱ्याच्या हातात द्यायला कॅसेट होती. वर्षभर आधी हेच गाणं गाजलं असतं तर विकायला अल्बमच नव्हता. पहिलं अपयश म्हणून फायद्याचं ठरलं असं म्हणणं सोपं आहे, पण तो पश्चातबुद्धीचा हिशेब. तेव्हा कुणी तसं ठरवलेलं नव्हतं.

अल्बम ऐकताना

निर्माता काइल लेनिंग, काही भाग कीथ स्टीगलचा. लेनिंगचं आधीचं नाव इंग्लंड डॅन अँड जॉन फोर्ड कोली या जोडीच्या मुलायम पॉप गाण्यांसाठी. 'फारच कंट्री' ठरलेल्या गायकाचा अल्बम पॉपमध्ये मुरलेल्या माणसाने करावा हे वरवर विचित्र, पण ऐकलं की पटतं. जुन्या हॉन्की-टॉन्क, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत वाढलेल्या कंट्रीच्या, अल्बमांत वाद्यं एकमेकांवर चढतात. इथे प्रत्येकाला जागा आहे. स्टील गिटार गायकाची ओळ संपेपर्यंत थांबते आणि मग उत्तर देते. फिडल आहे, पण ते गाण्याला कुठे अडवत नाही. आवाज अगदी पुढे, जणू माइकच्या आणि तुमच्या मधे कुणी नाही. साज परंपरेचा ठेवून त्याची नोंद नव्या काळाच्या स्वच्छपणाने करायची, हे लेनिंगचं काम. त्यामुळे गाडीच्या स्वस्त स्पीकरवरही शब्द सुटत नव्हते.

दहा गाणी. 'डिगिंग अप बोन्स'मधला माणूस रात्री एकटा बसून मोडलेल्या संसारातल्या जुन्या वस्तू उकरत बसतो. विषय उदास, चाल मात्र पाय हलवायला लावणारी. 'नो प्लेस लाइक होम' ओव्हरस्ट्रीटचं, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'रीझन्स आय चीट' हे खुद्द ट्रॅव्हिसने लिहिलेलं. बाहेरख्याली नवरा आपली कारणं सांगत जातो: थकवा, वय, घरातला अबोला. त्याला माफ करावं असं गाणं म्हणत नाही, आणि त्याला झोडपतही नाही. मोहासमोर अंगठी आठवणारा आणि मोहाला बळी पडलेला, असे दोघे एकाच अल्बमवर, एकाच आवाजात. माझ्या लेखी अल्बमचा जीव इथे आहे. एखाददुसरं गाणं भरतीचंही आहे, पण सव्वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीतल्या माणसाची थकलेली कबुली इतकी न रडता गावी, याचं नवल वाटतं.

पुढे

त्या वर्षीच्या सोहळ्यात कंट्री म्युझिक असोसिएशनने ट्रॅव्हिसला नवोदितांचा होरायझन पुरस्कार दिला आणि 'ऑन दि अदर हँड'ला वर्षाचं गाणं ठरवलं. डिसेंबरमध्ये तो ग्रँड ओल ऑप्रीचा सभासद झाला. ज्यांच्यासाठी मासे तळले त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिला. अल्बमला पुढे तीस लाखांचं प्रमाणपत्र मिळालं. १९८७ चा दुसरा अल्बम कंट्री यादीत ४३ आठवडे पहिल्या जागी राहिला, आणि त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणंही ओव्हरस्ट्रीट-श्लिट्झ यांचंच. ते मात्र दोनदा काढावं लागलं नाही.

२०१३ मध्ये पक्षाघाताने ट्रॅव्हिसची वाचा गेली. मे २०२४ मध्ये त्याच्या नावाने एक नवं गाणं आलं. जेम्स डुप्रे या गायकाने ते गायलं आणि जुन्या रेकॉर्डिंगांवर शिकवलेल्या यंत्रबुद्धीने त्यावर ट्रॅव्हिसचा आवाज चढवला. ट्रॅव्हिसची संमती होती आणि निर्माता होता तोच काइल लेनिंग. ऐकताना माझं मन दोन्हीकडे ओढलं गेलं, आणि अजून निवाडा झालेला नाही.

आज असं जमेल का

शिकवण्यासाठी हे प्रकरण वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. 'पडलेलं गाणं पुन्हा काढा' हा यातला धडा नाही. पडलेली बहुतेक गाणी पुन्हा काढूनही पडतील. इथे मधे '१९८२' होतं. ते नसतं तर दुसऱ्या खेपेलाही तीच तबकडी त्याच टेबलावर धूळ खात पडली असती. कंपनीने बदलला तो गाण्यांचा क्रम. आधी गायक अनोळखी असला तरी चालेल असं गाणं, मग गायकावर भरवसा लागतो असं गाणं.

आज सिंगल 'परत काढण्याची' गरजच उरलेली नाही. स्ट्रीमिंगवर गाणं पडून राहतं आणि कुणाच्या तरी व्हिडिओमुळे चार वर्षांनी अचानक वर येतं. पण हा शोध आता अल्गोरिदमच्या हाती आहे, आणि कुठलं गाणं आधी ऐकवायचं ते कंपनी ठरवू शकत नाही. १९८६ साली ते ठरवायला नॅशव्हिलमध्ये एक टेबल होतं, त्याभोवती चार माणसं होती, आणि एकदा नकार देऊन बसलेल्या माणसाला पुन्हा फोन लावायची त्यांतल्या कुणाला तरी लाज वाटली नाही.